सात वेळा खासदार, तीन पंतप्रधानांचे मंत्री, आणि तरी "गावात काय केलं दाखवा": शंकरानंदांवर प्रोजेक्ट कसा करायचा

प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलतोय ते. निपाणीकडचा एक मुलगा एम. ए. राज्यशास्त्राला आहे, प्रोजेक्टला त्याने बी. शंकरानंद घेतलेत. १९६७ ते १९९६ सलग सात वेळा चिकोडीचे (कर्नाटकातला बेळगाव जिल्हा) काँग्रेसचे खासदार, इंदिरा गांधी, राजीव गांधी, नरसिंह राव तिघांच्याही मंत्रिमंडळात कॅबिनेट मंत्री. पण गावात म्हाताऱ्या माणसांना विचारलं की निम्मे म्हणतात "लई मोठा माणूस", निम्मे म्हणतात "मोठा असंल, आमच्यासाठी काय केलं दाखव की", आणि नेटवर बघावं तर जन्मतारीख आणि खात्यांची यादी सोडून काही नाही. गाईडने "कामगिरीचे मूल्यमापन" म्हणून एक प्रकरण मागितलंय, ते कशाच्या जोरावर लिहायचं असं विचारतोय.

काका म्हणून विचारलंस म्हणून एकेरीतच लिहितो. मी सीमाभागात बरीच वर्षं मराठी पेपरात बातमीदारी केली, त्यातली बहुतेक निवडणुका आणि पुढाऱ्यांच्या मागे फिरण्यात गेली, आणि आता अधूनमधून कॉलेजची पोरं अशाच प्रोजेक्टसाठी येऊन बसतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुझी अडचण माहिती कमी असण्याची नाहीये. तू आणि तुझ्या गावची म्हातारी माणसं दोघं मिळून १९७० सालच्या खासदाराला २०२० च्या मापाने मोजताय, तिथं सगळं अडलंय.

आज खासदार म्हणलं की आपल्या डोळ्यापुढं काय येतं, बसस्टॉपच्या शेडवर किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर "खासदार निधीतून" असं रंगवलेलं असतंय ते. तो निधी सुरूच झाला २३ डिसेंबर १९९३ ला. पहिल्या वर्षी खासदारामागं ५ लाख, पुढच्या वर्षापासून १ कोटी, आता वर्षाला ५ कोटी आहे. शंकरानंद १९६७ ला निवडून आले आणि १९९६ ला हरले, म्हणजे त्यांच्या २९ वर्षांतली फक्त शेवटची अडीचेक वर्षं हा निधी होता, त्याच्या आधीची २६ वर्षं कुठल्याच खासदाराच्या हातात स्वतःच्या सहीने गावात काही बांधायला पैसाच नव्हता. त्यामुळं "त्यांच्या नावाची एक पाटी दाखवा" हा प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो पण चुकीच्या जागी लागतो. आधी हे एक पान नीट लिही, गाईड खूश होईल बघ.

मग त्या काळी खासदार मतदारसंघासाठी करायचा तरी काय? चिठ्ठ्या. गॅस कनेक्शनची कुपनं, टेलिफोन लवकर मिळायला शिफारस, दिल्लीत पेशंट घेऊन गेलं तर राहायची सोय, नोकरीसाठी पत्र, असली कामं. आज गॅस सिलिंडर घरपोच येतो म्हणून त्याचं काही वाटत नाही, पण ८० च्या दशकात गॅसला वर्षानुवर्षं नंबर लागलेला असायचा आणि खासदाराला त्यातला ठरावीक कोटा असायचा, टेलिफोनचं तसंच. ही कामं कुठल्याच कागदावर सापडत नाहीत, ती माणसांच्या आठवणीत असतात आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून मुलाखत घेताना "शंकरानंदांनी काय केलं" असं विचारूच नको, त्याला ठरलेलं उत्तर येतंय. "तुमच्या घरी गॅस कधी आला, कुणाच्या चिठ्ठीनं आला, दिल्लीला कधी गेलेला काय, कुणाकडं उतरलेला" असं विचार. माणूस आपोआप बोलतो. आणि ज्याला चिठ्ठी मिळाली तो "मोठा माणूस" म्हणणार, ज्याला नाही मिळाली तो "काय केलं दाखव" म्हणणार, हे दोन गट नेमके कुठल्या गावात, कुठल्या गल्लीत, कुठल्या समाजात आहेत ते वहीत मांडलंस तर तुझं अर्धं प्रकरण तिथंच तयार आहे.

आता एक गोष्ट सांगतो जी बहुतेक पोरांच्या नजरेतून सुटते. "दाखवा" म्हणणाऱ्याला दाखवायला खरं तर एक वस्तू आहे, हायवेवर. निपाणीहून संकेश्वरकडं जाताना कणगल्याला हिंदुस्तान लेटेक्सचा कारखाना आहे बघ, आता त्याला एचएलएल लाईफकेअर म्हणतात. ही केंद्र सरकारची कंपनी, आरोग्य आणि कुटुंब कल्याण खात्याच्या अखत्यारीतली, पहिला कारखाना १९६० च्या दशकात तिरुवनंतपुरमला निघाला, आणि १९८५ ला दुसरीकडं वाढवताना ज्या जागा घेतल्या त्यात एक आपलं कणगला. आता तूच तारखा शेजारी ठेव. १९८० पासून १९८४ च्या शेवटापर्यंत आरोग्य आणि कुटुंब कल्याण मंत्री कोण, तर शंकरानंद. रबराचं झाड इकडं उगवत नाही, बंदर नाही, कंपनीचं मूळ केरळात, आणि तरी निरोध बनवायचा कारखाना हुक्केरी तालुक्यात येतो. मी बातमी लिहिताना "यांनीच आणला" असं छातीठोक लिहिलं नसतं आणि तूही प्रोजेक्टमध्ये तसं लिहू नको, कंपनीचे त्या वर्षांचे वार्षिक अहवाल आणि लोकसभेतली उत्तरं काढ, जागा कशी ठरली त्याची कारणं काय दिलीत ते बघ, मग लिही. पण तारखा आणि खातं इतकं सरळ जुळत असताना तिकडं न बघता "काहीच केलं नाही" लिहिणं हे पण चूकच की. (कारखाना कशाचा आहे हे सांगताना आपल्याकडची जुनी माणसं लाजतात, म्हणून पण कदाचित श्रेय कुणी घेतलं-दिलं नसेल, हे आपलं माझं मत.)

मतदारसंघाचा हिशेब करताना दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे चिकोडी ही १९६७ पासून २००८ च्या मतदारसंघ फेररचनेपर्यंत अनुसूचित जातीसाठी राखीव जागा होती. शंकरानंद दलित समाजातले. आता आपल्या भागात खरी ताकद कुठं असते ते तुला मी सांगायला नको, साखर कारखाना, डीसीसी बँक, सोसायट्या, शिक्षणसंस्था. संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा कृष्णा, निपाणीचा हालसिद्धनाथ, यातलं काहीच राखीव जागेवरच्या खासदाराच्या हातात नव्हतं, ते लिंगायत, जैन, मराठा पुढाऱ्यांच्या हातात होतं. कारखान्याचा चेअरमन उसाचं बिल देतो, नोकरी देतो, तोडणीची टोळी आधी पाठवतो, त्यामुळं लोकांना रोज लागणारा माणूस तो. खासदार दिल्लीत. मग या चेअरमन मंडळींना असा खासदार सोयीचा होता का, जो दिल्लीत मोठा असंल पण गल्लीत आपल्या आड येणार नाही? मला वाटतं होता, आणि सात वेळा एकच नाव टिकण्यामागं हे एक कारण आहे. हे माझं मत आहे, पुरावा म्हणून वापरायचं असेल तर २००९ नंतर काय झालं ते बघ. जागा खुली झाली आणि लगेच तिथं उमेदवार कोण आले, २००९ ला रमेश कत्ती, २०१४ ला प्रकाश हुक्केरी (फक्त ३,००३ मतांनी), २०१९ ला अण्णासाहेब जोल्ले, २०२४ ला प्रियांका जारकीहोळी. सगळी आमदारकी, मंत्रिपद नाहीतर सहकारातली घराणी. आधी जी घराणी विधानसभेत आणि कारखान्यात समाधानी होती ती जागा उघडल्याबरोबर लोकसभेला आली. आरक्षणाच्या काळात खासदारकी एका बाजूला आणि सहकारातली सत्ता दुसऱ्या बाजूला अशी वाटणी होती, हे यावरून दिसतं.

आणि राखीव म्हणजे दुय्यम असंही समजू नको. या मातीत दलित राजकारण जुनं आहे, बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीला बहिष्कृतांची प्रांतिक परिषद झालेली, योगायोग असा की शंकरानंदांचं जन्मवर्षही १९२५ च. १९५७ ला याच चिकोडीतून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे दत्ता कट्टी लोकसभेला गेले होते. म्हणजे आधी आंबेडकरी पक्षाचा खासदार, १९६२ ला काँग्रेसचे वसंतराव पाटील, आणि मग राखीव जागेवर काँग्रेसचा दलित खासदार २९ वर्षं. फेडरेशनचा दलित खासदार आणि काँग्रेसचा दलित खासदार यात फरक काय पडला, कोण कुणाला उत्तर द्यायला बांधील होता, हा प्रश्न कुणी पोरगं अजून नीट हाताळताना मी बघितलं नाही. तुझ्या प्रोजेक्टला जमलं तर बघ, नाहीतर पीएचडीला ठेव.

सात विजय म्हणलं की आपण माणसाची लोकप्रियता समजतो. थोडं सावकाश. कर्नाटकातल्या लोकसभेच्या निकालांची यादी समोर घे. १९७१ ला काँग्रेसला २७ पैकी २७. १९७७ ला देशभर इंदिरा गांधींचं पानिपत झालं, पण कर्नाटकात २८ पैकी २६. १९८० ला २७, १९८४ ला २४, १९८९ ला परत २७, १९९१ ला २३. म्हणजे या सगळ्या निवडणुकांत काँग्रेसचं तिकीट असलेला माणूस कर्नाटकात हरणं हीच बातमी होती. आणखी एक मजा बघ, डिसेंबर १९८४ ला लोकसभेला काँग्रेसला २४ जागा देणाऱ्या याच राज्याने मार्च १९८५ ला विधानसभेत रामकृष्ण हेगडेंच्या जनता पक्षाला स्पष्ट बहुमत दिलं. तीन महिन्यांत. लोक दिल्लीला एक आणि बेंगळूरला एक असा वेगळा विचार करून मत देत होते, आणि दिल्लीचं मत हाताला म्हणजे इंदिरा-राजीवला होतं. मग यात शंकरानंदांचं स्वतःचं काय? तिकीट. सात वेळा सलग तिकीट मिळवणं, त्यात १९६९ ची फूट, १९७७ चा पराभव, नंतर देवराज अर्स वेगळे झाले ती फूट, हे सगळं होऊन पक्षश्रेष्ठींच्या यादीत नाव टिकवणं सोपं नाही. माझं सांगणं एवढंच की त्यांचं कौशल्य मतदारसंघात शोधू नको, पक्षात शोध.

आता दुसरी वही, मंत्र्याची. ही मतदारसंघाच्या वहीत मिसळू नको, मी पोरांना नेहमी दोन वेगळ्या वह्याच करायला लावतो, कारण मंत्री देशाचा असतो आणि त्याच्या कामाचा फायदा-तोटा चिकोडीला देशाइतकाच मिळतो, जास्त नाही. १९७१ ते ७७ ते संसदीय कामकाज खात्यात उपमंत्री, म्हणजे सभागृह कसं चालतं ते शिकण्याची जागा. जानेवारी १९८० ला इंदिरा गांधी परत आल्या तेव्हा सुरुवातीला शिक्षण आणि आरोग्य दोन्ही शंकरानंदांकडं, ऑक्टोबरमध्ये शिक्षण खातं आपल्या नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडं गेलं आणि यांच्याकडं आरोग्य राहिलं. त्या काळातल्या दोन गोष्टी नक्की घे, १९८३ चं पहिलं राष्ट्रीय आरोग्य धोरण, आणि त्याच वर्षी कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाचं निर्मूलन कार्यक्रमात झालेलं रूपांतर, बहुविध औषधोपचार त्यात आला. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर ठेवायचे ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना या गोळ्यांची किंमत कळते.

इथं एक विसंगती आहे ती लिहायला विसरू नको. देशाचा आरोग्यमंत्री निपाणीच्या तंबाखूच्या मतदारसंघातला. १९७५ चा जो सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायचा कायदा होता त्यात बिडी नव्हतीच, बिडीला तो नियम २००३ च्या कायद्यानंतर लागला. आणि १९८१ ला शरद जोशींचं तंबाखू आंदोलन झालं, हायवेवर शेतकरी बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली, तेव्हा या जागेचा खासदार दिल्लीत आरोग्यमंत्री होता. गोळीबार राज्याच्या पोलिसांचा, राज्यात सरकार काँग्रेसच्या गुंडूरावांचं, म्हणजे कायद्याने बघितलं तर त्यांचा संबंध नाही. पण लोक कायद्याने बघत नाहीत. त्या महिन्यातले लोकसभेचे कामकाज वृत्तांत उघडून बघ, निपाणीवर कोण बोललं, कुणी बोललं नाही. एवढं एक काम केलंस तर तुझा प्रोजेक्ट बाकीच्या दहा प्रोजेक्टपेक्षा वर जाईल.

राजीव गांधींच्या वेळी पाटबंधारे आणि मग जलसंपदा खातं आलं. इकडं अथणीत पाण्याची बोंब आणि आपला खासदार देशाचा पाण्याचा मंत्री, मग लोक विचारणारच. पण कृष्णेचं वाटप बच्छावत लवादाने आधीच करून टाकलेलं, महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८०० टीएमसी, आणि ३१ मे २००० पर्यंत त्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं. धरण, कालवा, बंधारा हे राज्याचं काम. केंद्रातला पाण्याचा मंत्री दोन राज्यांना एका टेबलावर बसवू शकतो, परवानगी लवकर देऊ शकतो किंवा अडवू शकतो, त्यापलीकडं त्याला स्वतः एक चर खणता येत नाही. १९८७ ची पहिली राष्ट्रीय जलनीती जी आली तिची तयारी झाली ती वर्षं त्यांच्या खात्याची, तेवढं त्या वहीत जमा कर.

पुढं कायदा खातं. १३ डिसेंबर १९८८ ला मतदानाचं वय २१ वरून १८ करायचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं ते शंकरानंदांनी. त्या वेळी ते ६२ वं दुरुस्ती विधेयक होतं, मंजूर होऊन ६१ वी घटनादुरुस्ती झाली, मार्च १९८९ ला लागू. तू पहिलं मत अठराव्या वर्षी दिलं असशील ना? मग तुझ्या प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य तुला मिळालं. त्याच हिवाळी अधिवेशनात लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदान यंत्राला कायदेशीर जागा देणारी दुरुस्तीही झाली, कलम ६१-ए. आज ईव्हीएमवर एवढी भांडणं होतात, पण त्या कलमाच्या वेळी कायदामंत्री चिकोडीचा होता हे चिकोडीतच कुणाला माहीत नाही.

१९९३-९४ ला परत आरोग्य खातं. हे दुसरं पर्व छोटं आहे पण माझ्या मते पहिल्यापेक्षा वजनदार. १९९४ ला मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला, त्याआधी किडनीचा उघड बाजार चालायचा. त्याच वर्षी गर्भलिंग निदानाचा कायदा झाला, सोनोग्राफी सेंटरमध्ये "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी जी पाटी असते ना, तिच्यामागचा केंद्राचा कायदा तो, महाराष्ट्राने स्वतःचा असा कायदा १९८८ लाच केलेला होता आणि केंद्र नंतर आलं. आणि त्याच १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरला आधी बीड जिल्ह्यातल्या मामल्याला आणि मग सुरतेला प्लेग. सुरतेतून लोक ट्रेन भरभरून पळाले, परदेशांनी विमानं बंद केली. आरोग्यमंत्री म्हणून तो काळ त्यांची खरी परीक्षा होता आणि त्या दिवसांत केंद्र सरकारवर बरीच टीका झाली. तू दोन्ही बाजू वाच आणि ठरव, मी तुझ्या तोंडात उत्तर घालत नाही.

आता अवघड भाग, जो पोरं एकतर टाळतात नाहीतर चवीने लिहितात. १९८७ ला बोफोर्सच्या, म्हणजे तोफा खरेदीतल्या लाचेच्या आरोपाच्या चौकशीला संयुक्त संसदीय समिती नेमली तिचे अध्यक्ष शंकरानंद. विरोधी पक्षांनी समितीवर बहिष्कार टाकला, १९८८ च्या एप्रिलमध्ये अहवाल आला, लाच दिल्याचा पुरावा नाही असा त्याचा सूर, अण्णाद्रमुकचे अलाडी अरुणा यांनी वेगळं मत नोंदवलं. सरकारी पक्षाच्या माणसाने सरकारची चौकशी करून सरकारला मोकळं सोडलं अशी टीका तेव्हापासून आजपर्यंत चिकटलीय. मग नियतीचा खेळ म्हण, नाहीतर संसदेचा म्हण, पुढं रोखे घोटाळ्याची, म्हणजे हर्षद मेहता प्रकरणाची संयुक्त समिती बसली, राम निवास मिर्धांच्या अध्यक्षतेखाली, आणि तिच्या अहवालात शंकरानंद १९९१ ते ९३ पेट्रोलियम मंत्री असतानाच्या कारभारावर ठपका आला. डिसेंबर १९९४ ला त्यांनी आणि सरकारातले दुसरे मंत्री रामेश्वर ठाकूर यांनी त्यावरून राजीनामा दिला. (हेच ठाकूर पुढं २००७ ला कर्नाटकाचे राज्यपाल म्हणून बेंगळूरला आले, राजकारणात कोण कुठं भेटेल सांगता येत नाही.) लिहिताना एक पथ्य पाळ, समितीने ठपका ठेवणं वेगळं आणि कोर्टाने दोषी ठरवणं वेगळं, दोन्हीसाठी एकच शब्द वापरू नको. आणि दोन्ही समित्यांचे मूळ अहवाल वाच, पेपरातल्या हेडलाईनवरून लिहू नको, हे मी पेपरवाला असून सांगतोय.

सीमाप्रश्नाचं विचारलं नाहीस, पण व्हायव्हात परीक्षक मराठी असला तर विचारणारच. ते पहिल्यांदा निवडून आले त्याच १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यात निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस होती, बेळगाव कर्नाटकात. महाराष्ट्राला बेळगावशिवाय ते मान्य नव्हतं, अहवाल तसाच राहिला, आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. म्हणजे शंकरानंद अशा मतदारसंघाचे खासदार, ज्यातलं एक मोठं शहर आयोगाच्या कागदावर दुसऱ्या राज्यात होतं. त्यांना इथं काय करता आलं असतं? हद्द बदलायची तर संसदेत सरकारी विधेयक लागतं, आणि कर्नाटक काँग्रेसच्या तिकिटावरचा माणूस त्या बाजूने उभा राहिला असता तर पुढचं तिकीट गेलंच होतं. मराठी माणसाची तक्रार असते की ते गप्प राहिले. ती तक्रार लिही, पण शेजारी हे पण लिही की त्या २९ वर्षांत केंद्रात मंत्री असलेले महाराष्ट्राचे किती मोठे मोठे पुढारी होते आणि त्यांनी तरी ते विधेयक आणलं का. हे लिहिलंस की आपल्याकडं काही जण रागावतील, रागावू देत.

साधनं कुठली वापरायची हे तुझ्या हातात किती वेळ आहे आणि तुला कन्नड वाचता येतं का यावर आहे. संसदेच्या डिजिटल लायब्ररीत जुने कामकाज वृत्तांत स्कॅन करून ठेवलेत, पण तिथं एक फसगत होते, तू "शंकरानंद यांनी विचारलेले प्रश्न" शोधशील आणि १९८० नंतर जवळजवळ काहीच मिळणार नाही, मग वाटेल हे तर मौनी खासदार. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, म्हणून खात्याच्या नावाने आणि उत्तर देणारा मंत्री म्हणून शोध. त्यांचा खासदार म्हणून आवाज ऐकायचा असेल तर १९६७ ते ७१, १९७७ ते ७९ आणि १९८९ ते ९१ ही वर्षं बघ, तेव्हा ते मंत्री नव्हते. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल प्रत्येक निवडणुकीचे मिळतात, सातही वेळची मतं आणि दुसऱ्या नंबरचा उमेदवार लिहून काढ. तरुण भारत आणि पुढारीचे जुने अंक बेळगाव-कोल्हापूरच्या जुन्या वाचनालयांत विचारून बघ. कन्नड येत असेल तर कन्नड पेपर पण बघच, कारण मराठी पेपर सीमाप्रश्नाच्या चष्म्यातून लिहायचे आणि कन्नड पेपर त्यांच्या. वेळ दोनच महिने असेल तर पेपर सोड आणि वृत्तांत धर.

तुलनेला कुणी पाहिजे असेल तर सुरेश अंगडी घे. २००४ पासून बेळगावचे चार वेळा खासदार, मे २०१९ ला रेल्वे राज्यमंत्री, सप्टेंबर २०२० ला कोरोनाने गेले. मंत्रिपद फक्त सव्वा वर्षाच्या आसपास आणि तेही राज्यमंत्री, पण लोकांना त्यांचं काम पटकन आठवतं, कारण खातं रेल्वेचं, गाडी डोळ्याला दिसते. कित्तूरमार्गे धारवाडच्या नव्या रेल्वेमार्गाशी नाव जोडलं गेलं. शंकरानंदांची खाती आरोग्य, कायदा, पाणी, पेट्रोलियम, यातलं काय स्टेशनवर उभं राहून बघणार? खात्याचा स्वभाव माणसाच्या नावाला कसा चिकटतो किंवा चिकटत नाही याचं एवढं चांगलं उदाहरण एकाच जिल्ह्यात दुसरं मिळणार नाही.

थोडक्यात परत सांगतो: खासदाराची वही वेगळी, मंत्र्याची वेगळी, आणि प्रत्येक वहीत त्या वर्षी त्या माणसाच्या हातात काय अधिकार होता तो आधी लिहायचा, मग काय केलं ते.

प्रकरणांचा क्रम विचारलास तर मी जन्मापासून सुरू करणार नाही, १९९६ पासून करीन. डिसेंबर १९९४ ला एका महिन्यात दोन गोष्टी झाल्या, दिल्लीत त्यांचं मंत्रिपद गेलं आणि कर्नाटकात काँग्रेस विधानसभेत ३४ जागांवर आली, देवेगौडा मुख्यमंत्री झाले. दीड वर्षाने लोकसभेला जनता दलाला राज्यात १६ जागा, काँग्रेसला ५, आणि चिकोडीत जनता दलाच्या रत्नमाला सवणूर निवडून आल्या, पुढं देवेगौडांच्या सरकारात राज्यमंत्रीही झाल्या. त्यानंतर १९९८, १९९९, २००४ तीनदा रमेश जिगजिणगी, तीनही वेळा पक्ष वेगळा, लोकशक्ती, जनता दल (यू), भाजप. म्हणजे २९ वर्षं एकच पक्ष आणि एकच माणूस, आणि नंतरच्या आठ वर्षांत चार निवडणुका आणि चार पक्ष. लाट होती तेव्हा ते कसे टिकले आणि लाट गेल्यावर त्यांची स्वतःची अशी किती मतं उरली होती, हे १९९१ आणि १९९६ चे आकडे शेजारी ठेवलेस की बरंच कळेल. ते आकडे काढ, तक्ता कर, आणि मुलाखतींना जाताना तो सोबत घेऊन जा, म्हणजे समोरचा "लई मोठा माणूस" म्हणाला की तुला विचारता येईल, मग १९९६ ला तुमच्या बूथवर काय झालं?